कमरेतून चढणारी अर्धशिशी

ऐन लहजर, मंगळवार, ६ मार्च

उम्हानी,

आपल्या एकेचाळीस शेळ्यांपैकी चौदा शेळ्यांना माल्टा ताप आहे. काल दुपारी गुरांचे सरकारी डॉक्टर सी लामिन यांनी गोठ्याच्या दारात उभं राहून तसं सांगितलं आणि प्रयोगशाळेचा कागद माझ्या हातात दिला. यादीत पहिला नंबर काळीचा आहे.

अकरा वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि तेही शेळ्यांविषयी, असं तू म्हणशील. म्हण. मी शपथ मोडलेली नाही. त्या दिवशी मी वडीलधाऱ्यांसमोर बोललो ते शब्दाला शब्द असं होतं: 'उम्हानीशी या तोंडानं एक शब्द जरी बोललो तर माझी बायको मला हराम.' हातानं लिहिण्याबद्दल त्यात काही नव्हतं. कालपासून मी ते वाक्य चार वेळा आठवून पाहिलं. बरकाहुमलाही विचारलं. ती म्हणाली, "मला विचारता? पाठ आहे मला ते. टांगलेली मीच आहे ना त्याला."

आता कामाचं. हा ताप माणसाला कच्च्या दुधातून होतो, जबनमधून, म्हणजे ताज्या पनीरमधून होतो. उकळलेल्या दुधातून होत नाही. आई तुला काही पाठवते की नाही, मला माहीत नाही. पाठवत असेल तर ते ओतून टाक आणि भांडं उकळत्या पाण्यानं धू.

आई म्हणते, तुला अर्धशिशी आहे. दोन वर्षं झाली, ब्लिदाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ते शिकलेले आहेत, असेलही. पण माल्टा तापात आधी कंबर धरते. मग पाठीतून वर मान धरते, आणि मानेतून डोकं. संध्याकाळी कणकण येते, पहाटे अंगातला सदरा पिळून वाळत घालावा लागतो. दोन आठवडे बरं वाटतं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुला असं होत असेल तर त्यांना म्हणावं, माल्टाची रक्ततपासणी करा. एका नळीचं काम आहे.

ताप आपल्याकडे कसा शिरला, सांगता येत नाही. मी सी लामिन यांना म्हटलं, शेजारचा बोकड आपल्यात मिसळला होता, त्याच्यामुळे असेल. त्यांनी लिहून घेतलं.

पत्र बूलनुआरच्या टॅक्सीनं येईल. या खेपेला त्याच्याकडे बाटली नसेल.

तू सुलेमानचं घर सोडलंस त्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.

अतिया


ऐन लहजर, शनिवार, १७ मार्च

उम्हानी,

तुझं उत्तर परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी ओट्यावरच बसलो. ते तुझं नव्हतं. गोल, शाळकरी, इब्तिसामचं असणार. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तिला अलिफसुद्धा काढता येत नव्हता.

'शेळ्यांना माझा सलाम सांग, आधी त्यांची तब्येत विचारते.' ही तुझी पहिली ओळ. बोटांत सुई राहत नाही, पेनही राहत नाही, म्हणून मुलीकडून लिहवून घेतेय, हे पाचव्या ओळीत. तुझा क्रम मला नवा नाही.

पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन डॉक्टर झाले हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यानं विचारलं, घरात जनावरं आहेत का, आणि तू म्हणालीस, 'साहेब, तिसऱ्या मजल्यावर राहते. जनावर एकच, घरमालक, तेही महिन्यातून एकदा येतं.' आई हसली. पुढचं वाक्य होतं, 'तेही हसले आणि त्यांनी लिहिलं, मायग्रेन.' तेव्हा तिचं हसू थांबलं.

"दूध पितेस का, एवढं नाही विचारता आलं त्या गाढवाला?"

बरकाहुम कणीक मळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं तिनं? चोरून येणाऱ्या दुधाचं नाव कोण घेतं?"

आई माझ्याकडे बघायला लागली. अकरा वर्षांत प्रथमच माझ्यासमोर कुणी त्या दुधाचा उल्लेख केला होता.

दुसऱ्या डॉक्टरांचं तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. 'मी विचारलं, अर्धशिशी डोक्यात असते ना? मग माझी कमरेतून का चढते? ते माझ्या हातांकडे बघत होते. अंगठी नव्हती. म्हणाले, बाई, एकटीचा संसार, दिवसभर शिवणयंत्र, ताण मानेत साठतो. मी म्हटलं, अकरा वर्षं एकटी आहे, मान दोनच वर्षं दुखतेय. ते म्हणाले, साठायला वेळ लागतो.' तिसऱ्यानं मानेला पट्टा दिला. गोळ्या तिघांच्याही त्याच, दिवसातून तीनदा.

त्या गोळ्या तापही उतरवतात, उम्हानी. तीनदा घेतल्यावर थर्मामीटरला काय दिसणार? दोन दिवस बंद कर आणि संध्याकाळी ताप मोज. सी लामिन यांनाही मी विचारलं. ते म्हणाले, "मी गुरांचा डॉक्टर आहे, अतिया, पण तुझ्या बहिणीच्या जागी माझी गाय असती तरी मी रक्त घेतलं असतं."

तू मला दोन प्रश्न विचारलेस. कणकणीचं आणि पहाटेच्या सदऱ्याचं मला इतकं बारीक कसं माहीत, हा पहिला. दूध बाटलीतून येतं हे कसं माहीत, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर देतो. बुधवारी संध्याकाळी काळीची धार मी वेगळी काढतो. पाण्याची रिकामी बाटली धुऊन, भरून, ओल्या पोत्यात गुंडाळून टाकीमागे मीच ठेवतो. गुरुवारी आई ती ओढणीखाली घेऊन रस्त्यावर जाते आणि बूलनुआरला देते. ती मला फसवते असं तिला वाटायचं. मीही तिला तसं वाटू दिलं. काळी ही तू बोट चोखवून वाढवलेल्या पिल्लाची नात. तिचं दूध तुझंच होतं, दुसऱ्या कुणाला द्यायला मन झालं नाही.

मी आईला विचारलं, उकळून का नाही पाठवलंस? तिला धक्काच बसला. "उकळून? विस्तवावरच्या दुधाचा चटका शेळीच्या आचळाला बसतो. आणि आजारी पोरीला कुणी मेलेलं दूध पाजतं का?" मग हळूच म्हणाली, "मान दुखते म्हणाली तेव्हा मी एकाच्या दोन बाटल्या केल्या."

तेही मला माहीत होतं. दोन बाटल्या भरणारा मीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात. आज बाजारचा दिवस आहे.

अतिया


ऐन लहजर, बुधवार, २१ मार्च

उम्हानी,

काल इब्तिसामचा फोन आला. बरकाहुमनं तो कानापासून लांब धरला, मला ऐकू यावं म्हणून.

"मामी, मामा तिथेच आहेत का?"

"आहेत. भिंतीसारखे उभे आहेत. तू बोल."

ती तुझ्यासारखीच बोलते, थांबत नाही. दोन दिवस तू गोळ्या घेतल्या नाहीस आणि संध्याकाळी पारा एकोणचाळीसवर गेला. ती तो आकडा वहीत लिहून डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, गोठ्यातल्या डॉक्टरच्या शब्दावर मी माणसाची तपासणी लिहून देऊ का? पोरीनं विचारलं, "मग अर्धशिशीत पाय ओढत चालतात का?" त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तिनं समोरच्या प्रयोगशाळेत स्वतःच जाऊन नाव नोंदवलं आणि तुला हातगाडीवरच्या मालासारखं खाली उतरवून नेलं. हे शब्द तिचेच.

"प्रयोगशाळेतल्या बाईनं कागद दोनदा तपासला, मामी. मला विचारलं, तुम्ही मेंढपाळ आहात का?"

"काय निघालं?"

"माल्टा. खूप जास्त."

मी बरकाहुमला खुणेनं म्हटलं, विचार, कुठला पाय? ती वैतागली. "अहो, मी काय टपालपेटी आहे?" पण तिनं विचारलं. उजवा. यंत्राच्या पायपट्टीवरचा. जानेवारीपासून तो वेळेवर उचलत नाही आणि टाके वाकडे पडतात, म्हणून कारखान्यानं तुला इस्त्रीवर बसवलं. हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस. माझ्याप्रमाणे तूही सगळं लिहीत नाहीस.

फोन ठेवल्यावर बरकाहुम म्हणाली, "आता बोकडाची गोष्ट तिला सांगणार का अजून?"

म्हणून लिहितो. शेजारच्या बोकडाचा काही संबंध नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, दहा दिवसांत, आपल्या सात शेळ्यांनी गाभ टाकला. पहिली काळी. पाय पोटाशी घेतलेली, केस न फुटलेली पिल्लं. एक शेळी गाभ टाकते तेव्हा ती घसरली असं म्हणता येतं. सात जणी घसरत नाहीत. डॉक्टरला बोलवायचा नियम आहे, आणि बोलावलं की रक्त घेतात, आणि रक्तात निघालं की शेळ्या कापायला न्यायचा ट्रक येतो. शिवाय ऐन लहजरमध्ये एकदा एखाद्याच्या गोठ्याचं नाव झालं की त्याच्या घरचं ताकही कुणी घेत नाही, पोरींना मागणी येत नाही. मी सातही पिल्लं ओढ्याच्या वळणावर पुरली आणि वर दगड ठेवले. बरकाहुमनं पाहिलं. मी तिला गप्प बसवलं.

त्यानंतरच्या बुधवारीही मी बाटली भरली.

तुझं दुखणं त्या एप्रिलपासून आहे असं आई म्हणते. मी बोटांवर महिने मोजले.

अतिया


ऐन लहजर, रविवार, २५ मार्च

उम्हानी,

तुला अल्जीयर्सला हलवलं हे बूलनुआरकडून कळलं. मागच्या सीटवर आडवं झोपवून त्यानंच नेलं, भाडं घेतलं नाही, आणि खड्ड्यांपाशी हळू घेतली असं तो मला तीनदा म्हणाला. मग म्हणाला, "अतिया, इतकी वर्षं त्या बाटल्या मीच पोचवल्या रे. एकदा वास घेऊन बघितला होता. काय गोड वास." मी त्याला म्हटलं, तुझा काय दोष. तो म्हणाला, "ते तू सांगू नकोस."

संध्याकाळी इब्तिसामनं स्कॅनचं सांगितलं. मानेच्या दोन मणक्यांमध्ये पू झालाय आणि तो मज्जारज्जू दाबतोय. औषधं चालू केलीत, पण नुसत्या औषधांवर पाय वाचणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. सर्जन बाईंनी अर्धशिशीच्या सगळ्या चिठ्ठ्या एकीखाली एक मांडल्या. मग एवढंच विचारलं: घरात आणखी कुणाला हा ताप येऊन गेलाय का? कोणत्या औषधानं उतरला?

इब्तिसामनं बरकाहुमला विचारलं. बरकाहुम म्हणाली, "नाही गं, कुणालाच नाही," आणि त्यात ती खोटं बोलली नाही, कारण तिलाही माहीत नाही.

हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मला आला होता. त्याच वर्षी, ऑक्टोबरात. कमरेची गादी सरकली असं मी घरी सांगितलं आणि लगुआतला गेलो, कारण तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं माझी बोटं हुंगली. "दूध काढतोस." मी हो म्हटलं. त्यानं रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन औषधं दिली, सहा आठवड्यांची. एकानं लघवी शेंदरी होते, म्हणून मी गोठ्यामागे जायचो. डिसेंबरात मी बरा झालो. त्याच डिसेंबरात आई चुलीपाशी बसून मला ऐकू जाईल असं पुटपुटायची, 'पोरीची मान वळत नाही, कंबर धरलीय, पहाटे घामानं भिजते, आणि ते मेले अर्धशिशी म्हणतात.'

ती दुसऱ्या कुणाला नाही, मलाच सांगत होती. मी ऐकत होतो. अर्धशिशी नाही, हे ब्लिदाच्या तीन डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं.

तेव्हा लिहिलं असतं तर हा ताप मला कसा कळला ते सांगावं लागलं असतं, मग सात पिल्लांचं, मग बाटलीचं. मी स्वतःला म्हणायचो, शपथ आहे, काय करणार. आणि गोठ्यात कोणत्या शेळ्यांना ताप आहे ते कळेना, म्हणून पुढच्या बुधवारीही काळीचीच धार काढली. मला वाटलं, गाभ टाकून आता बरेच महिने झाले, निवळली असेल. असं मला वाटलं हे मी लिहितोय. खरंच वाटत होतं का, ते आता मला सांगता येणार नाही. मी त्या ऑक्टोबरनंतर तिचं दूध प्यायलो नाही. घरच्यांसाठी दुसऱ्या शेळ्यांचं काढायचो.

औषधांची नावं कागदाच्या मागे लिहिली आहेत, लगुआतची चिठ्ठीही जोडली आहे. मी ती कुराणाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. पाकिटावरही लिहिलंय, आधी ती सर्जन बाईंना दाखव, मग हे पत्र वाच.

आणि सुलेमाननं तुझा दात पाडला होता हे मला त्या दिवशी बैठकीत बसलो तेव्हाही माहीत होतं.

अतिया


ऐन लहजर, गुरुवार, २९ मार्च

उम्हानी,

चिठ्ठी पोचली, आणि सर्जन बाईंनी दोनातलं एक औषध बदललं असं इब्तिसामनं कळवलं. त्या हेही म्हणाल्या की दीड वर्षापूर्वी गोळ्यांवर भागलं असतं. पोरीनं ते बरकाहुमला सांगितलं तेव्हा बरकाहुमनं फोन मला ऐकू येईल असा धरला होता.

तुझ्याकडून त्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नव्हती.

मंगळवारी मी इमामांकडे गेलो. शपथ सांगितली. त्यांनी विचारलं, "घेताना बायकोला सोडायचं मनात होतं?"

"नाही. लोकांना दाखवायचं होतं."

"मग दहा गरिबांना जेवू घाल आणि बहिणीकडे जा."

"एवढंच?"

"एवढंच. अकरा वर्षांत कधी विचारायला आला नाहीस?"

मी मशिदीच्या पायरीवर बराच वेळ चप्पल शोधत राहिलो. ती पायातच होती.

घरी येऊन बरकाहुमला सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला. "म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच टांगलेली होते?" ती रडेल असं वाटलं होतं. तिनं बाह्या वर सारल्या आणि दहा जणांचं जेवण काल दुपारी एकटीनं रांधलं. मला भांडीसुद्धा उचलू दिली नाहीत. जेवायला बसलेल्यांना मी ओढ्याच्या वळणावरच्या दगडांचं सांगितलं, मोठ्यानं. दोघांनी हात धुतले आणि उठून गेले. बाकीचे जेवले. संध्याकाळी सी लामिन यांच्यासमोरही सगळं सांगून सही केली. त्यांनी बोकडाची ओळ खोडली. आई आणि बरकाहुम, दोघींचं रक्त घेतलंय. आईचं स्वच्छ निघालं. ती म्हणाली, "अल्ला पण माणसं बघून चुकतो." बरकाहुमचं अजून यायचंय.

आई आता दूध उकळते. भांड्याजवळ उभी राहते, उतू जाईपर्यंत बघते, आणि मग पीत नाही.

आज सकाळी इब्तिसामचा फोन आला. या खेपेला तिनं मामी कुठे आहे ते विचारलं नाही.

"मामा, तुम्ही आहात?"

तिच्याशी बोलायला शपथ कधीच नव्हती, तरी अकरा वर्षं मी तिच्याशीही बोललो नाही. मी हो म्हटलं.

"आईनं निरोप दिलाय. म्हणते, येऊ दे. पण त्याला म्हणावं, इथे येऊन काही बोलू नकोस. लिहून पुष्कळ झालं. आता मी बोलणार आणि तो ऐकणार."

"बरं."

"आणि मामा, हात रिकामे घेऊन या म्हणाली."

म्हणून हे पत्र बूलनुआर आणणार नाही. शनिवारी मीच त्याच्या शेजारी बसेन आणि हे खिशात असेल. वाचायचं की नाही ते तू ठरव.

रविवारी सकाळी आठला तुला आत नेतील. सर्जन बाईंच्या अंदाजानं दुपारी एकपर्यंत बाहेर आणतील. शुद्धीवर आलीस की त्या आधी तुला उजव्या पायाचा अंगठा हलवायला सांगतील. हलला तर पुढे सहा महिने औषधं आणि चालायला शिकणं. नाही हलला तर तेही त्याच दुपारी कळेल. सोमवारी सकाळी सी लामिन यांचा ट्रक चौदा शेळ्या न्यायला येईल. काळी पहिली चढेल, इतर तिच्या मागून जातात. गोठ्याचं दार बरकाहुम उघडेल, कारण मी तिथे नसेन. मी तुझ्या खाटेच्या पायाकडे, उजव्या बाजूला, तोंड मिटून उभा असेन.

अतिया